पाचवीला मोठ्या शाळेत घालायचं का? मानेवाड्याच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: लेक चौथीत, घराजवळच्या मराठी शाळेत, सेमी इंग्रजीत. अभ्यासात चांगली. नागपूर शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका नावाजलेल्या सीबीएसई शाळेत तिला पाचवीची जागा मिळते आहे. वर्षाची फी ६६,००० रुपये. मिस्टर गांधीबागेत छापखान्यात आहेत, पगार १९,०००. तुमचं शिवणकाम धरून घरात महिन्याला २८,००० येतात. धाकटा मुलगा बालवाडीत. सोनं गहाण ठेवलं तर पहिलं वर्ष निघेल. १५ दिवसांत पैसे भरायचे आहेत, आणि तुम्ही विचारता, "नाही म्हटलं तर पोरीचं नुकसान होईल का?"

मी ३१ वर्षं शिकवलं. आधी महालातल्या एका अनुदानित शाळेत, नंतर एका मोठ्या इंग्रजी शाळेत. तिथे ९ वर्षं प्रवेशाच्या कामात होते. टेबलाच्या त्या बाजूला बसून तुमच्यासारखे शेकडो आईबाप पाहिले आहेत, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

तुम्ही विचारताय ते "पहिलं वर्ष निघेल का" हे. पहिलं वर्ष बहुतेकांचं निघतं. आजी बांगड्या देते, मामा हात पुढे करतो. खरा प्रश्न सहा वर्षांचा आहे, दोन मुलांचा आहे. आणि त्याच्याही पुढचा प्रश्न असा की त्या वर्गात तुमची लेक बाकीच्यांसारखीच एक विद्यार्थिनी म्हणून वावरेल, की रोज काहीतरी लपवत बसेल.

यात बरंच परिस्थितीवर आहे. लेक कशी आहे, ती शाळा आतून कशी आहे, मिस्टरांची नोकरी किती पक्की आहे, हे मला इथे बसून दिसत नाही. म्हणून हो किंवा नाही असं एका शब्दात सांगणार नाही. पण मी कसा विचार करते ते सांगते.

आधी हिशेब. ६६,००० ही फक्त फी. मानेवाड्याहून शहर ओलांडून जाणारी बस १६,००० च्या खाली पडणार नाही असं धरा. पुस्तकं-वह्या ८,०००. गणवेश, पीटीचा वेगळा ड्रेस, दोन जोड बूट मिळून ५,०००. सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, प्रोजेक्टचं सामान, वाढदिवसाचं काहीबाही मिळून ६,०००. झाले १,०१,०००. तुमचं वर्षाचं उत्पन्न ३,३६,०००. म्हणजे एका मुलीच्या शाळेला घरातले ३० टक्के, आणि यात शिकवणी धरलेलीच नाही.

आता पुढे बघा. आपल्याकडे २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली, तर पाचवी-सहावीला ६६,०००, सातवी-आठवीला ७५,९००, नववी-दहावीला ८७,२८५. सहा वर्षांची नुसती फी ४,५८,३७० रुपये होते. बाकीचे ३५,००० अजिबात वाढले नाहीत असं धरलं तरी २,१०,०००. एकूण ६ लाख ६८ हजारांच्या वर. हा आकडा कागदावर लिहा आणि मिस्टरांसोबत बसून बघा. मग खाली दुसरी ओळ लिहा: धाकटा. बहिणीला मोठ्या शाळेत घातलं आणि भावाला नाही, हे त्याला कसं सांगाल? पुढे सहावीत तो विचारेल.

आणि खर्चाचा मोठा डोंगर दहावीच्या पुढे आहे. नागपुरात अकरावी-बारावीला नीट किंवा जेईईच्या क्लासला काय मोजावं लागतं ते शेजारीपाजारी विचारून बघा. दहावीपर्यंत सगळं संपवून बसलेली आणि ऐन अकरावीत हात वर केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पाचवी-सहावीचा इतिहास-भूगोल महागड्या वर्गात शिकण्यापेक्षा अकरावीचं भौतिकशास्त्र चांगल्या शिक्षकाकडे शिकणं जास्त कामी येतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसा मोजकाच असेल तर तो उशिरा लागणाऱ्या जागेसाठी राखून ठेवावा.

आता पैशापलीकडचं. माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. वडील लहानशा दुकानात कामाला. अभ्यासात पहिल्या पाचांत. डिसेंबरात सहल ठरली, संमतीपत्रं वाटली. नऊ दिवस तिचं आलं नाही. रोज म्हणायची, "मॅडम, विसरले." एकदा भूमितीच्या तासाला तिने कंपास उघडला, तेव्हा करकटकाखाली चार घड्या घातलेला तो कागद मला दिसला. घडीवर पेन्सिलचा काळा डाग पडला होता. तिने तो घरी दाखवलाच नव्हता. मी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, "मला ऊन सहन होत नाही, म्हणून जायचं नाही." डिसेंबरात. त्या पोरीला घरात कुणी काही बोललं नव्हतं. तिला आपणहून कळलं होतं की आणखी ९०० रुपये मागायचे नाहीत.

हे वाचून घाबरू नका. त्याच शाळेत एका ऑटोवाल्या दादांचा मुलगा होता, त्याला कसली लाज माहीत नव्हती. डबा उघडला की अर्धा वर्ग त्याच्या आईच्या झुणक्यावर तुटून पडायचा. फरक कशात होता, यावर मी पुष्कळ विचार केला. त्याच्या घरी पैशाचं सगळं उघड होतं. वडील त्याला सांगायचे, "सहलीचे पैसे यंदा नाहीत, गणवेशाचे आहेत." आणि त्याच्या वर्गशिक्षिका समंजस होत्या, चारचौघांत कुणाची थकलेली फी वाचून दाखवत नव्हत्या. म्हणजे लेकीचा स्वभाव, घरातलं बोलणं आणि वर्गातला शिक्षक, या तिन्हींवर ते ठरतं. शाळेच्या नावावरून ते कळत नाही.

भाषेचं सांगते. लेक सेमी इंग्रजीत आहे, म्हणजे गणिताचे इंग्रजी शब्द तिला थोडे ओळखीचे आहेत. पण परिसर अभ्यास मराठीत झाला आहे. पाचवीपासून सामाजिक शास्त्रं, विज्ञान सगळं इंग्रजीत आलं की पहिली दीड-दोन वर्षं मूल पाठ करून लिहितं, समजून नाही. ज्या घरात आईबाप तो अभ्यास घेऊ शकत नाहीत, तिथे शिकवणी लागतेच. एक साधी चाचणी करा. तिसरीच्या इंग्रजी पुस्तकातली, तिने न वाचलेली एक पानाची गोष्ट तिला द्या. वाचू द्या आणि मराठीत सांगायला सांगा. नीट सांगितली तर ती पाचवीत तग धरेल. अडखळली तर तिला वेळ हवा आहे. तो वेळ घरच्या भाषेत शिकताना स्वस्तात मिळतो, इंग्रजी शाळेत महाग पडतो.

"मोठ्या शाळेत काय वेगळं मिळतं" हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण मी तिथे पगार घेतला आहे. मैदान मिळतं, संगीत-चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक मिळतात, इंग्रजी बोलायची भीती जाते. ओळखी होतात. हे खोटं नाही. पण दहावीचे जे चमकदार निकाल फलकावर लागतात, त्यांतला बराच भाग संध्याकाळच्या क्लासचा असतो. म्हणून आठवीतल्या मुलांच्या पालकांना विचारा, "वर्गातली किती मुलं गणिताला बाहेर जातात?" जवळपास सगळी जात असतील, तर ६६,००० भरून वर पुन्हा क्लासही लावावाच लागणार.

आता दुसरी बाजू, जिचा तुम्ही उल्लेखच केला नाही. जुन्या संस्थांच्या मराठी आणि सेमी इंग्रजी शाळा. सोमलवार, हडस ही नावं नागपूरकरांना सांगायला नकोत. त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी शाळा दक्षिण नागपुरातही आहेत. अनुदानित तुकडी असेल तर शिक्षकांचे पगार शासन देतं, त्यामुळे फी नाममात्र असते. इथेही डोळे उघडे ठेवून जा. २०१२ नंतर बरीच वर्षं शिक्षक भरती अडलेली होती, पुष्कळ शाळांत पदं रिकामी राहिली. मुख्याध्यापकांना सरळ विचारा: संचमान्यतेत (शिक्षकपदांच्या सरकारी मंजुरीत) किती पदं मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, ते कायम आहेत का तासिका तत्त्वावर. ज्या शाळेत गणिताच्या बाई दहा-बारा वर्षं त्याच वर्गांना शिकवताहेत, ती शाळा फलकावरच्या नावापेक्षा भरवशाची. सेमी इंग्रजी नावापुरतंच आहे का, हे बघायला सातवीच्या एखाद्या मुलीची विज्ञानाची वही मागून घ्या. इंग्रजीत उत्तरं लिहिलेली आणि तपासलेली दिसली पाहिजेत.

अनुदानित शाळेत राहण्याचा आणखी एक फायदा फारच थोड्या पालकांना ठाऊक असतो. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. अट अशी की पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. तुमचं उत्पन्न आज ३,३६,००० आहे, त्यात बसतं. आठवीपर्यंत वाढलं तर बसणार नाही, ते बघावं लागेल. पण विनाअनुदानित खासगी शाळेत गेलात की ही वाट त्याच दिवशी बंद.

आणि नवोदय. याबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण तुमची लेक अगदी योग्य वयात आहे. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो, परीक्षा पाचवीत असताना द्यायची, आणि ती एकदाच देता येते. नागपूर जिल्ह्याचं विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे. जागा ८०. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं, बोर्ड सीबीएसई. नववीपासून महिन्याला ६०० रुपयांचा विकास निधी असतो, तोही मुलींना माफ आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना राखीव असतात. शहरातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला उरलेल्या जागांत लढावं लागतं, म्हणून स्पर्धा कडवी आहे. पेपर दोन तासांचा, १०० गुणांचा: निम्मे गुण बौद्धिक क्षमतेला, उरलेले अंकगणित आणि भाषेला. मराठीतून देता येतो. तयारीला महागडा क्लास लागत नाही; जुने पेपर, घड्याळ आणि रोजचा एक तास पुरतो. अर्थात दहा वर्षांची पोरगी वसतिगृहात पाठवायची की नाही, हे आईच ठरवू शकते. नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात, तेही माहीत असू द्या. चंद्रपूरच्या सैनिकी शाळेतही आता मुलींना प्रवेश आहे, पण तिथला खर्च तुमच्या हिशेबात बसणारा नाही, शिष्यवृत्ती मिळाली तरच विचार करा.

तर माझ्या मनात तुमच्यासाठी जो रस्ता आहे तो असा: पाचवीला घराजवळची चांगली सेमी इंग्रजी अनुदानित शाळा, वर्षभर नवोदयची तयारी, निवड झाली तर ठरवा, नाही झाली तरी ती तयारी शिष्यवृत्तीच्या परीक्षांना उपयोगी पडतेच. मोठ्या शाळेत जे भरणार होतात त्यातले महिन्याला दोन हजार तिच्या नावाने आवर्ती ठेवीत टाका. सहा वर्षांत नुसती मुद्दलच १,४४,००० होते. शनिवारी इंग्रजी वाचनाला कुणीतरी लावा. कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी आनंदाने येते.

मोठ्या शाळेला "हो" कधी म्हणेन, तेही सांगते. शाळेने निम्मी किंवा अधिक सवलत दहावीपर्यंत लेखी दिली, तर. तोंडी नाही. आणि सवलतीला "दरवर्षी ८५ टक्क्यांच्या वर" अशी अट असेल तर मी नाही म्हणेन. ती अट म्हणजे प्रत्येक चाचणीला पोरीच्या गळ्यात घराचं कर्ज बांधणं आहे. पैसे भरण्याआधी आठवीतल्या एखाद्या पालकाकडून मागच्या तीन वर्षांच्या पावत्या बघा, म्हणजे फी खरंच किती वाढते ते कळेल. "विकास निधी" किंवा "ऐच्छिक देणगी" असं काही पावतीशिवाय मागितलं तर तिथूनच परत फिरा. देणगी घेऊन प्रवेश देण्याला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. ठरावीक दुकानातूनच वह्या-गणवेश घ्या अशी सक्तीही शाळेला करता येत नाही. आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभ्या राहा. मुलं बाईंशी कशी बोलतात, व्हॅनमध्ये किती कोंबतात, एप्रिलच्या उन्हात बस किती वेळ तापत उभी असते, हे तिथेच दिसतं. सकाळी सव्वासहाला मानेवाडा चौकात उभं राहून दुपारी दोनला घरी येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीत संध्याकाळी किती जोर उरतो, याचाही विचार करा.

एक चूक माझ्या हातून झाली होती, ती लपवत नाही. एका कुटुंबाला मी स्वतः "घ्या जागा, पुढचं पुढे बघू" असं सांगितलं होतं. मुलगी खरंच तल्लख होती, मला मोह झाला. त्यांना दुसरं मूल आहे हे मी विचारलंच नाही. नववीत वडिलांचं काम गेलं. सीबीएसईत नववीतच बोर्डाची नोंदणी होते, दहावीत शाळा बदलायला परवानगी लागते. त्यामुळे नववीच्या मधेच तिला काढून राज्य मंडळाच्या शाळेत घालावं लागलं. अभ्यासक्रम वेगळा, मराठीचा पेपर अवघड, मैत्रिणी सुटल्या. तिने ते निभावलं, पण त्या वर्षी तिच्या आईच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. बदल करायचाच असेल तर तो आठवीच्या आत करावा, हे मी तेव्हा शिकले. आठवीपर्यंत कायदाही बाजूने आहे. अनुदानित किंवा सरकारी शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

१५ दिवसांच्या मुदतीचं फार मनावर घेऊ नका. शाळेला एक साधं पत्र द्या: फीचा पूर्ण तपशील, मागच्या दोन वेळची वाढ आणि सवलतीचे नियम लेखी हवेत. उत्तर कसं येतं यावरून बरंच काही समजेल. सोनं तोवर घरातच राहू द्या.

धाकट्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण त्याच्यासाठी मात्र आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची वाट उघडी असू शकते. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, म्हणून लेकीला त्या मिळणार नाहीत. मुलाचं पहिलीचं वय होत असेल तर बघा. तुम्ही वंचित गटात, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त किंवा इतर मागासवर्गात मोडत असाल तर जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, त्यात तुम्ही बसत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लागू नाही. आणि फी आठवीपर्यंतच माफ असते, नववीला पूर्ण फी अंगावर येते, तेव्हा तोही हिशेब आजच मांडा. मुलाची जन्मतारीख आणि तुमच्याकडे कोणता दाखला आहे एवढं कळवा, म्हणजे घराच्या तीन किलोमीटरच्या आतल्या शाळांचं मी नीट बघून सांगते.